आईचा उजवा हात

१

चाचणीची खोली इमारतीच्या अगदी टोकाला होती, कारण उंदरांना वर्दळ सोसत नाही. खिडकी नाही, रेडिओ नाही, अत्तर लावून यायचं नाही, जोरात शिंकायचंसुद्धा नाही. छोटीला हे सगळं मानवलं होतं. छोटी हे तिचं घरचं नाव, चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलेलं. प्रयोगशाळेत तिला सगळे चाचणीबाई म्हणत आणि शक्यतो तिच्या वाटेला जात नसत. बाई कामाला चोख, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

काम ऐकायला विचित्र आणि करायला कंटाळवाणं. माणसाला पक्षाघात होतो तसा उंदराला करायचा. म्हणजे त्याच्या मेंदूची डावी बाजू बिघडवायची, की उजवा पंजा लुळा पडतो. हे पशुवैद्य करायचा, भूल देऊन, अगदी हलक्या हाताने. मग काही उंदरांच्या मेंदूत मूळपेशी सोडायच्या आणि काहींच्या मेंदूत नुसतं मिठाचं पाणी. मूळपेशी म्हणजे ज्या पेशींचं अजून काय व्हायचं ते ठरलेलं नाही अशा. मेंदूत सोडल्या तर मेंदूच्या होतील अशी आशा. कोणत्या उंदराला काय दिलं हे छोटीला सांगायचं नाही, असा नियम. माहीत असलं की माणूस त्याला हवं तेच बघतो.

तिनं एवढंच बघायचं की लुळा पंजा परत येतो का. त्यासाठी चिकटपट्टीचा इवलासा तुकडा उंदराच्या मनगटाला आतल्या बाजूने लावायचा. धडधाकट उंदीर ताबडतोब मनगट नाकाशी नेतो, वास घेतो, दातांनी तुकडा उपटतो आणि थुंकून टाकतो. लुळ्या उंदराला त्याचा पत्ताच नसतो. तो बिचारा चिकटपट्टी मिरवत दिवसभर हिंडेल.

यावेळी काही उंदरांनी कमाल केली. ऑपरेशननंतर जेमतेम काही आठवडे झाले होते आणि ते तुकडे उपटून थुंकायला लागले होते. त्यातला एक तर, कानाला खाच पडलेला, ज्याला सगळे कानतुटका म्हणायचे, तो तुकडा लावायच्या आधीच तिच्या हाताकडे बघत बसायचा. नियम काहीही असो, कोणाच्या डोक्यात मिठाचं पाणी नाही हे छोटीला कळून चुकलं होतं.

सर, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, खूश झाले. "हे माणसांपर्यंत नक्की जाणार, बाई," ते म्हणाले.

"कधी?"

"सावकाश. टप्प्याटप्प्याने."

सावकाश या शब्दाचा तिला मनापासून राग यायचा. तिच्या घरी एक उजवा हात वर्षभर मांडीवर पडून होता.

२

आई केस कापायची. घराच्या तळमजल्यावर तिचं दुकान होतं, दोन फिरत्या खुर्च्यांचं, समोर भिंतभर आरसा. उमेदीची सगळी वर्षं तिनं तिथे उभ्याने काढली. गेल्या वर्षी एका बाईचे केस अर्धे कापून झाले असताना तिच्या हातातून कातरी पडली, आणि मागोमाग ती पडली. त्या बाईनं उरलेले अर्धे केस दुसऱ्या दुकानात जाऊन कापून घेतले. आईला पक्षाघातापेक्षा त्याचा राग जास्त होता.

पाय सावरला, बोलणं सावरलं. हात नाही. दादाचं, म्हणजे छोटीच्या थोरल्या भावाचं म्हणणं होतं की आता खुर्च्या विकून टाकाव्यात आणि खाली सामान ठेवावं. दादा वाईट नव्हता. आईचं सगळं तोच करायचा. पण त्याला आटोपलेल्या गोष्टी आवडायच्या, आणि आईला आटोपायचं नव्हतं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण ती कोणी लपवलेली नव्हती. उंदरांत सोडलेल्या पेशी आईच्या होत्या. सरांना पक्षाघात झालेल्या माणसाच्या कातडीपासून मूळपेशी तयार करायच्या होत्या, आणि छोटीनं आईला विचारलं. "घ्या की," आई म्हणाली, "माझी कातडी मला पुरून उरेल एवढी आहे." दंडाच्या मागून मसुराएवढा तुकडा काढला, झालं. यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही. प्रयोगशाळेत कातडी म्हणजे कातडी असते, तिला मुलगी-बिलगी नसते.

तर एका दुपारी आईचं रक्त तपासणीसाठी घरी येऊन घेऊन गेले होते. डाव्या हाताची शीर सापडेना म्हणून उजव्या मनगटातून घेतलं आणि वर पट्टी चिकटवली. आई खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत होती. छोटी शेजारी बसून चहा पीत होती.

"दादाला सांग," आई म्हणत होती, "खुर्च्यांना हात लावलास तर बघ म्हणावं. मी काही अजून..."

बोलता बोलता तिचा उजवा हात मांडीवरून उठला. मनगट नाकाशी आलं. आईनं दोनदा, भरभर, वास घेतला. मग पुढच्या दातांनी पट्टीची कड धरली, उपटली आणि जमिनीवर थुंकली. हात परत मांडीवर जाऊन पडला.

"...मेले नाही," आईनं वाक्य पुरं केलं. "काय ग, अशी काय बघतेस?"

छोटीनं पट्टी उचलली. ओली होती.

"हे तू काढलंस?"

"काय काढलं?" आई म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना छोटीनं स्वतःची चांगली हजेरी घेतली. जांभई देताना लुळा हात आपोआप वर उचलला जातो, हे कोणताही मेंदूचा डॉक्टर सांगेल. वर्ष उलटल्यावरसुद्धा क्वचित हात परत येतो. दातांचं म्हणशील, तर डावा हात चहाच्या कपात अडकला असेल तर माणूस काय करणार? आईच्या डाव्या हातात कप नव्हता, हे तिला आठवत होतं. तो मुद्दा तिनं बाजूला ठेवला.

मग फटीची चाचणी आली. काचेच्या पेटीला एक उभी फट असते, बाहेर साखरेची गोळी. उंदीर फटीतून वास घेतो, पंजा उचलतो, कोपर पोटाशी ओढतो, पंजा फटीतून बाहेर घालतो, पालथा करतो, बोटं मिटतो, मग उताणा करून तोंडाशी आणतो. प्रत्येक हालचालीला छोटी वेगळे गुण द्यायची. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे तिला आता लोक जेवतानासुद्धा तसेच दिसायचे, आणि त्यावरून घरी तिची भरपूर चेष्टा व्हायची.

त्या संध्याकाळी दादा आईच्या पलंगाशी बसून शेजारच्यांच्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगत होता. पलंगाला एका बाजूने गज होते, गजांपलीकडे तिपाईवर आईची गोळी ठेवली होती. आई खो खो हसत होती. तिचं सगळं लक्ष दादाकडे, आणि उजवा हात उठला. कोपर पोटाशी आलं. माणूस हात लांबवताना कोपर असं पोटाशी ओढत नाही, कधीच नाही. हात गजांतून बाहेर गेला, पालथा झाला, बोटं गोळीवर मिटली, उताणा होऊन तोंडाशी आला.

पूर्ण गुण, असं छोटीच्या मनात आलं.

दादाची गोष्ट अर्ध्यावर राहिली. "आई, हात चालतोय तुझा," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. मोठा माणूस, पण आईचं काही आलं की लगेच रडतो.

तो खाली गेल्यावर आईनं दार लोटायला सांगितलं. "मला कळतं ग, छोटे," ती म्हणाली. "हात माझाच आहे. पण त्याला उठवतं कोण ते मला माहीत नाही. मी सांगते तेव्हा तो दगड. माझं लक्ष नसलं की उठतो."

"भीती नाही वाटत?"

"भीती कसली? वर्षभर मेला होता, आता उठतोय. जो कोणी उठवत असेल त्याचं भलं होवो. मला दुकान उघडायचंय."

विज्ञान शिकलेल्या माणसाला शंका आली की तो चाचणी करतो. दुसरं काही सुचतच नाही त्याला. दुसऱ्या दिवशी छोटीनं कानतुटक्याला टेबलावर घेतलं आणि घरी फोन लावला.

"आई काय करतेय?"

"बसलीय," दादा म्हणाला. "का?"

तिनं चिकटपट्टीचा तुकडा लावला. कानतुटक्यानं मनगट नाकाशी नेलं.

"थांब," दादा म्हणाला. "हे काय चाललंय तिचं? मनगट चावतेय स्वतःचं. आई, अगं काय करतेस?"

कानतुटक्यानं तुकडा थुंकला.

"थांबली," दादा म्हणाला.

छोटीनं दुसरा उंदीर घेतला, ज्याचा पंजा अजून लुळा होता. तुकडा लावला. "आता?"

"आता काही नाही. तुला ऑफिसात कामं नसतात का ग?"

तिनं फोन ठेवला. खोलीत इतकी शांतता होती की कानतुटका मिश्या हलवत होता तेही ऐकू येत होतं. तो मागच्या पायांवर बसून तिच्याकडे बघत होता, आणि तिला त्याच्याकडे पाठ करवेना.

४

आईनं युक्ती शोधून काढली. हाताला हुकूम द्यायचाच नाही. कातरी बोटांत अडकवायची, डाव्या हाताने कंगवा धरायचा, आणि ऐसपैस गप्पा सुरू करायच्या. उजवा हात मग आपला आपण कामाला लागायचा, आणि काय सुरेख कापायचा. तिनं दुकानातल्या जुन्या बाहुलीवर, म्हणजे केस कापायला शिकवताना वापरतात त्या डोक्यावर, आठवडाभर सराव केला आणि जाहीर केलं की दुकान उघडणार.

"पहिली मी बसणार," छोटी म्हणाली. ही कातरी कोणाच्या मानेजवळ जायचीच असेल तर ती आपल्या, हे तिनं ठरवून टाकलं होतं.

सकाळची उन्हं आरशावर आली होती. आईनं तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारलं, आणि बोलायला लागली. अमुकीची सून, तमुकाचं लफडं. कातरी कचकच चालली होती. छोटीला बरं वाटलं. लहानपणापासून तिचे केस आईशिवाय कोणी कापले नव्हते. वर्षभर तिनं ते तसेच वाढू दिले होते.

आणि कातरी थांबली. तिच्या उजव्या कानाला लागून, उघडी.

आई बोलायची थांबली. आरशात छोटीला आईचा हात दिसत होता. तो हलत नव्हता, पण बोटं थरथरत होती, अगदी बारीक आणि अतिशय भराभर. म्हातारपणाची थरथर अशी नसते. छोटीनं मान न वळवता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. प्रयोगशाळेत आता पिंजरे धुवायची वेळ. पत्र्याचे ट्रे आदळतात, पाण्याचे फवारे सुटतात, उंदीर एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात.

"हलू नकोस," आई हळूच म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता. "घाबरलाय. मी नाही. हा."

"डाव्या हाताने काढून घे ना कातरी."

"जोर बघ किती आहे त्याला."

त्या तशाच राहिल्या, एक बसलेली, एक उभी. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग कातरी हळूच मिटली, केसांची बट खाली पडली, आणि हात सैल झाला.

छोटीनं खुर्चीतूनच आईला सगळं सांगितलं. पेशींचं तर आईला माहीतच होतं. कानतुटक्याचं आणि फोनचं सांगितलं. आई म्हणाली, "पण त्यांचे पंजे लुळे कशाने झाले? आजारी होते?"

"नाही. आम्हीच करतो."

"धडधाकट असतात?"

"हो."

आईनं कापड सोडलं, झटकलं, केस झाडून काढले. "बरं," ती म्हणाली. "झालं ते झालं. आता त्यांना नीट सांभाळ."

५

नीट सांभाळणं छोटीच्या हातात नव्हतं. प्रयोगाच्या मध्यावर काही उंदरांना झोपवायचं हे सुरुवातीलाच ठरलेलं असतं. झोपवणं हा प्रयोगशाळेतला शब्द. झोपवल्यावर मेंदू काढतात, त्याचे पातळ काप करतात आणि पेशी कुठे रुजल्या ते बघतात. कोणाला न्यायचं ते सरांच्या टेबलावर ठरायचं.

पशुवैद्य आला. भला माणूस, उंदरांना राजे म्हणायचा. "चला राजे," तो म्हणाला, आणि तीन पिंजरे हातगाडीवर चढवले. तिन्ही चांगले होते, तिन्ही तुकडे थुंकणारे. छोटीला तेव्हाच बोलायला हवं होतं, पण काय बोलणार? की यांना नेऊ नका, माझी आई केस कापते? तिनं दार बंद झाल्याचा आवाज ऐकला आणि फोन वाजला.

"तू घरी ये," दादा म्हणाला. त्याचा आवाज भलताच बारीक झाला होता. "आईनं हात पाठीखाली दडवलाय. बाहेर काढू देत नाही. आणि म्हणते, मी नाही दडवत, तोच आत घुसतोय."

ती पोचली तोवर हात बाहेर आला होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थंडगार पडलं होतं. बाकीची तीन बोटं त्या दोघांपासून लांब सरकून बसली होती.

"किती गेले?" आईनं विचारलं.

"तीन. त्यांना दुखत नाही, आई. खरंच नाही दुखत."

"दुखलं नाही," आई म्हणाली. "पण त्यांना कळलं होतं. गाडीवर चढवलं तेव्हाच कळलं होतं."

दादा दारात उभा होता. त्या दिवसापासून तो आईच्या उजव्या बाजूला बसेनासा झाला.

६

उरलेल्यांची पाळी प्रयोग संपल्यावर यायची होती. त्या सकाळी सर चाचणीच्या खोलीत आले तेव्हा छोटीनं पिंजऱ्यांना कापडं गुंडाळली होती आणि ती हातगाडीला दोरी बांधत होती.

"हे काय?"

"नेतेय."

"कुठे?"

"घरी."

सर चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि शांतपणे समजावलं, की काप केल्याशिवाय पुरावा नाही, पुराव्याशिवाय माणसांवर उपचार नाही. "तुमच्या आईसारखे हजारो लोक वाट बघतायत, बाई."

"हजारोंचं तुम्ही बघा, सर. मला एकच आई आहे."

"हे तुम्ही बोलताय? नियमाला एवढ्या पक्क्या तुम्ही?"

"आई दुकानात उभी राहून लोकांचे केस कापतेय. तिला एक थेंब औषध दिलेलं नाही. तुम्ही ते तीन नेलेत त्या दिवशी तिची दोन बोटं गेली. पाहिजे तर चला, दाखवते."

"वर्ष उलटल्यावरसुद्धा हात कधी कधी परत येतो," ते म्हणाले. "आणि परत जातोही."

"हो, मीही स्वतःला हेच सांगत होते."

"मी तुम्हाला चोरी करू देऊ शकत नाही."

"चोरी लपून करतात. मी तुमच्यासमोरून नेतेय. अडवायचं तर अडवा."

तिनं गाडी ढकलली. तिला कधी नव्हे इतकं बरं वाटत होतं. सर स्टुलावरून उठले, पण पुढे झाले नाहीत. बाहेरच्या दाराशी पशुवैद्य उभा होता. ती थांबली. त्यानं दार उघडून धरलं.

"पाणी रोज बदला," तो म्हणाला. "उन्हात ठेवू नका."

नोकरी अर्थातच गेली.

७

उंदीर दुकानाच्या मागच्या खोलीत राहिले, टॉवेल ठेवायच्या फळीखाली. आई तीन बोटांनी कापायची आणि कोणाला पत्ता लागू द्यायची नाही. गिऱ्हाइकं परत आली. ती अर्धे केस कापलेली बाईसुद्धा आली. आईनं तिला ताटकळत बसवलं आणि मग झकास कापून दिले. छोटी केस झाडायची, उंदरांना खायला घालायची. मागच्या खोलीत कोणी जोरात बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, हे गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

ते दिवस चांगले होते, हे म्हटलंच पाहिजे. आई गुणगुणायची.

पण उंदराचं आयुष्य ते केवढं. एकेक जायला लागला. कोणी गेला की आईला आधी कळायचं, ती कातरी खाली ठेवायची आणि म्हणायची, "जाऊन बघ." मधलं बोट गेलं. मग अंगठ्यातला जोर कमी झाला. शेवटी एकटा कानतुटका उरला, पिवळट पडलेला, मागचे पाय ओढत चालणारा. मग त्यानं खाणं टाकलं, आणि आईचा हात दोन दिवस मांडीवर पडून राहिला. दुकान बंद होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई बंद दुकानात खुर्चीत बसली होती. छोटी तिच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"पेशी अजून आहेत, आई. तिथे फ्रीजरमध्ये. पशुवैद्य मला नाही म्हणणार नाही. नवे उंदीर आणू, खूप आणू. मी स्वतः सांभाळीन."

"आधी त्यांना लुळं करशील."

"हो."

"ज्यांना काही झालेलं नाही त्यांना."

"हो. करीन," छोटी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं. तिला त्याची लाजही वाटली नाही. आईचा हात जिवंत राहणार असेल तर ती वाटेल तेवढ्यांना लुळं करायला तयार होती.

"नको," आई म्हणाली. "त्यांना लुळं करून मला हात नको."

"तू नको म्हणालीस तरी मी जाणार."

छोटी उठायला गेली, आणि आईच्या उजव्या हातानं तिचं मनगट पकडलं.

पाचही बोटांनी. थंड पडलेली करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, सगळी वळली होती, आणि नखं मांसात रुतत होती. ती पकड मागे ओढत नव्हती. ढकलत होती, दाराकडे.

आई त्या हाताकडे बघत राहिली. मग तिनं डावा हात पुढे केला आणि करंगळी धरली. जोर लावून ती उचकटली. मग पुढचं बोट. उचकटलेली बोटं परत वळायला बघायची, ती डाव्या अंगठ्यानं दाबून धरायची. तिच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. अंगठा सुटेना, तेव्हा तिनं वाकून तो दातात धरला.

हात सुटला. आईनं तो झटकन मांडीखाली घातला आणि आपलं सगळं वजन त्यावर टाकून बसली.

"जा," ती धापा टाकत म्हणाली. "मागे जाऊन बघ, तो आहे का."

छोटी मागच्या खोलीत गेली. कानतुटका पिंजऱ्याच्या कोपऱ्यात आडवा पडला होता. तिनं आयुष्यात इतके मेलेले उंदीर हाताळले होते की बोट लावताच कळायचं. तो ताठ झाला होता आणि दगडासारखा गार. निदान पहाटेच गेला असणार.

ती परत आली आणि दारातच उभी राहिली. आई तिच्या तोंडाकडे बघून समजली.

"केव्हा?"

"केव्हाच, आई."

दुकानात काहीच आवाज नव्हता. खुर्ची मात्र हलत होती, थोडीशी, एका बाजूने वर उचलली जावी तशी. खाली दबलेलं काहीतरी बाहेर यायला बघत होतं, आणि आई त्यावर घट्ट बसली होती, डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण हनुवटी वर होती.

"शटर उघड," ती म्हणाली. "आणि कातरी दे इकडे. डाव्या हातात."